किराण्याची यादी काढा, मग बीपी-शुगरचं बोलू

दोन वर्षांपूर्वी ह्यांची उपाशीपोटीची शुगर ११८ आली. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही अजून, पण उंबरठ्यावर उभे आहात." घरी आल्या आल्या ह्यांनी मोबाइलवरून ओट्स आणि कुठल्याशा परदेशी बियांची ऑर्डर टाकली. ते ओट्स अजून डब्यात आहेत, मुंग्याही त्यांच्याकडे फिरकल्या नाहीत. मी मात्र कपाटाच्या दाराला टोचलेली किराण्याची यादी काढून समोर ठेवली. आमच्या घरात शुगर कुठून शिरली ते त्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

आधी आकडे समजून घ्या. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ असली तर तो उंबरठा. १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली की मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ सालच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर माणसं मधुमेही आहेत आणि तेरा कोटींहून जास्त उंबरठ्यावर. पण उंबरठ्यावरून मागे फिरता येतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा लोकांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: वजन सात टक्के उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटं चाला. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. भारतात अशाच प्रयोगात फायदा कमी दिसला, साधारण २८ टक्के. तरी तो गोळीशिवाय मिळालेला फायदा आहे.

आधी महिनाभर फक्त मोजा

पहिल्या महिन्यात काहीही बदलू नका. तेलाची पिशवी, मिठाचा पुडा, साखरेची थैली उघडली की त्यावर पेनाने तारीख टाका आणि संपली की पुन्हा टाका. एवढंच काम आहे, पण हेच लोक टाळतात, कारण आकडा बघायची भीती वाटते.

आता हिशोब. माणशी रोज साधारण २५ ग्रॅम तेल-तूप, म्हणजे पाच लहान चमचे, पुरेसं होतं. चौघांचं महिन्याला तीन किलो, लिटरमध्ये सव्वातीन. जागतिक आरोग्य संघटना मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. म्हणजे एक किलोचा पुडा चौघांना निदान पन्नास दिवस पुरला पाहिजे. वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम, चौघांची महिन्याला तीन किलो. त्यात गूळ आणि मधही आला. "आम्ही साखर सोडली, गुळाचा चहा घेतो" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

आमचे आकडे निघाले ते असे: तेल साडेसहा लिटर, मीठ दीड किलो (लोणच्याचं वेगळं धरून), साखर सहा किलो. घरात चारच माणसं: सासूबाई, हे, मी आणि कॉलेजात जाणारा मुलगा. बाहेरचा समोसा आणि लग्नातलं जेवण यात आलेलंच नाही.

तेल: एकदम हात आखडू नका

माझी चूक आधी सांगते. आकडा बघून मी घाबरले आणि दुसऱ्याच दिवशी भाजीतलं तेल निम्म्यावर आणलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप-लेक "जरा चक्कर मारून येतो" म्हणून निघाले आणि पाटोडी-रस्सा हाणून आले. शर्टावर रश्श्याचा लाल ठिपका होता म्हणून कळलं.

मग ठरवलं, दर महिन्याला अर्धा लिटर कमी. जिभेला पत्ता लागत नाही. फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा घ्या. महिन्याचं तेल एकदम डब्यात न ओतता आठवड्याचं एका बाटलीत काढून ठेवा. बाटली शुक्रवारीच रिकामी झाली तर शनिवार-रविवार वरण-भात, भाजलेल्या वांग्याचं भरीत, ताकाची कढी. कांदा परतताना खाली लागायला लागला की आणखी तेल न घालता दोन चमचे पाणी शिंपडा. घाणीचं तेल चांगलं की रिफाइंड, यावर आमच्याकडे सकाळी फिरायला येणारी मंडळी तासभर वाद घालतात. कुठलंही घ्या, एका ग्रॅमला नऊ कॅलरी दोन्हीकडे सारख्याच. तळून उरलेलं तेल मात्र पुन्हा पुन्हा तापवू नका.

नागपुरात राहून सावजी सोडा असं मी कोणाला सांगणार नाही. घरी रस्सा केला की गॅस बंद करून वीस मिनिटं झाकून ठेवा. तर्री, म्हणजे तेलाचा लाल तवंग, वर येते. चपट्या चमच्याने अर्धी काढून घ्या. रंग आणि झणका यांना उरलेली अर्धी पुरते. बाहेर तर्री-पोहे खाताना मी ठेल्यावर सांगते, "भाऊ, तर्री कमी, चणे जास्त." पहिल्यांदा त्याने वर बघून विचारलं, "काऊन ताई, तब्येत बरी नाही का?" आता न सांगता तसंच देतो. त्या प्लेटमधली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते काळे चणे. त्यांत प्रथिनं आणि तंतू दोन्ही आहेत. नुसते पोहे आणि शेव खाल्लं तर अकरा वाजता पुन्हा भूक लागते.

ताट कसं वाढायचं

ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग भाकर किंवा भात, उरलेला पाव वरण, उसळ, अंडं किंवा मासे यांचा. आपल्याकडे बहुतेक ताटांत याच्या उलट असतं: भाताचा डोंगर, त्यावर पातळ वरण आणि कोपऱ्यात चमचाभर भाजी. वरण घट्ट करा, भात एक वाटी घ्या आणि जेवण कोशिंबीर-भाजीपासून सुरू करा. आधी भाजी आणि शेवटी भात खाल्ला तर जेवणानंतरची शुगर कमी उसळते.

भाजी आणि फळं मिळून माणशी दिवसाला ४०० ग्रॅम असावीत. चौघांना रोज दीड किलोच्या वर. हा आकडा पाहून मलाच हसू आलं, कारण आमची आठवड्याची सगळी भाजी एका थैलीत यायची. म्हणून किराणा कमी केला आणि वाचलेले पैसे भाजीबाजारात घातले. गोकुळपेठच्या बाजारात दिवेलागणीला भाव उतरतात, कॉटन मार्केटला पहाटे गेलं तर आणखी स्वस्त. मोसमाप्रमाणे घ्या. उन्हाळ्यात चिवळ, पावसाळ्यात तरोटा आणि अंबाडी, थंडीत मेथी, हरभऱ्याचा पाला, तुरीचे सोले. तरोटा तर पहिल्या पावसानंतर रिकाम्या प्लॉटवरही उगवतो, फक्त नालीच्या काठचा तोडू नका. अंबाडीत लोक ज्वारीच्या कण्या घालतात, ते छानच लागतं.

परदेशी बियांचं काम आमच्याकडे जवस करतो. सासूबाईंची चटणी अशी: वाटीभर जवस कोरड्या कढईत मंद आचेवर, तडतडून उड्या मारायला लागेपर्यंत. मग तीन-चार सुक्या मिरच्या, लसूण, जिरं आणि मीठ नेहमीच्या निम्मं. भरड वाटायची, कारण अख्खा जवस पचत नाही, तसाच निघून जातो. दहा-बारा दिवसांत संपेल एवढीच करा, नाहीतर खवट वास येतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर दिवसाला एक-दोन चमचे. जवसात ओमेगा-३ भरपूर असतं आणि ज्यांच्याकडे मासे शिजत नाहीत त्यांना ते इतकं सहज दुसरीकडून मिळत नाही.

संत्र्याबद्दल थोडं. सोलून, फोडीवरच्या पांढऱ्या रेषांसकट खा. रस काढला की तंतू गाळणीत राहतात आणि चार संत्र्यांची साखर एका ग्लासात उतरते. संत्रा बर्फी ही मिठाई आहे, फळांत धरू नका. पाहुण्यांना जरूर द्या.

मिठाचं मुख्य दुखणं भाजीत नसतं. ते पापड, कुरड्या, सांडगे, लोणचं, शेव, बिस्किटं यांत लपलेलं असतं. जेवणात यांपैकी एकच काहीतरी ठेवा. सैंधव मीठही शेवटी मीठच आहे, त्याने बीपी उतरत नाही. बाजारात 'कमी सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

खर्रा

नागपूरच्या तब्येतीवर लिहायचं आणि खर्रा टाळायचा, हे ढोंग झालं. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटला जातो आणि तो पुडा दिवसभर गालात फिरतो. तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळली तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतो. "मी बिनातंबाखूचा खातो" यात काही अर्थ नाही. आमच्या घरातही हा प्रश्न होता, कोणाचा ते सांगत नाही.

आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि तीन बोटं उभी, एकावर एक, दातांच्या मधे जातात का पाहा. जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, गालात पांढरा-लाल चट्टा असेल किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर सरळ दातांच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयातही तपासणी होते. सोडताना तलफ काही मिनिटंच टिकते, तेवढा वेळ बडीशेप, लवंग, पाण्याचे घोट. ज्या ठेल्यावर उभं राहायची सवय आहे तो रस्ताच बदला. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तंबाखू सोडायला तिथे फोनवर मदत करतात.

चालणं, तेही नागपूरच्या उन्हात

आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. थंडीत अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, कुठेही जा. खरी परीक्षा मे महिन्यात असते, पारा ४५ वर गेला की सगळे संकल्प कूलरसमोर झोपतात. तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत आटोपा, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर. तसंही जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या शतपावलीचा शुगरला चांगला उपयोग होतो. आठवड्यातून दोनदा थोडं जोराचं कामही हवं. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर काढा. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, त्या टीव्हीवरच्या जाहिराती लागल्या की उठतात-बसतात.

झोप सात तास. यात युक्ती काही नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

सुतळी आणि बीपीचं यंत्र

वजनकाटा नसला तरी चालेल. आपल्या उंचीएवढी सुतळी कापा, मधोमध दुमडा आणि बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती गुंडाळा. श्वास सोडलेला असावा, पोट आत ओढायचं नाही. टोकं जुळली तर ठीक. ह्यांच्या टोकांत चार बोटांचं अंतर राहिलं. ती सुतळी खिळ्याला टांगून ठेवली आहे, दर महिन्याच्या एक तारखेला उतरते. टेपने मोजायचं असेल तर पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि बायकांनी ८० च्या आत राहावं.

बीपी जिना चढून आल्या आल्या मोजू नका. चहा किंवा खर्रा झाल्यावर अर्धा तास थांबा. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. दोनदा मोजा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याच्या वर येत राहिलं तर डॉक्टरांकडे जा. तिशी ओलांडलेल्यांची बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते, बायकांची स्तनांची आणि गर्भाशयमुखाचीही. काही होत नसताना वर्षातून एकदा जायचं, कारण बीपी आणि शुगर दोन्ही बराच काळ काही जाणवू देत नाहीत.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन आधीच चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस तोच ठेवून जेवण घटवलं तर शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येते. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका.

ह्यांची शुगर मागच्या तपासणीला १०३ होती. सुतळीत अजून एका बोटाचं अंतर आहे. तेल चार लिटरवर येऊन अडलंय, सव्वातीनला कधी पोचेल माहीत नाही. दिवाळीच्या महिन्यात तर साडेपाच गेलं. चकलीचं पीठ भिजवता भिजवता सासूबाईंनी विचारलं, "हेही लिहितेस का गं त्या कागदावर?" लिहिलं.