मडलेटमध्ये टायमर रीसेट करायचा तर जुना आधी मारा

मडलेट म्हणजे मड, अर्थात नुसत्या मजकुरावर चालणारे ऑनलाइन खेळ, खेळायचा क्लायंट प्रोग्रॅम. समजा, खेळात ढालीचा मंत्र 60 सेकंद टिकतो, म्हणून नवखे लोक 'ढाल चढली' या ओळीवर ट्रिगर (ओळ दिसली की आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लावतात आणि त्यात मंत्र पुन्हा टाकणारा 55 सेकंदांचा टेम्पटायमर (एकदाच वाजणारा टायमर) टाकून मोकळे होतात. एकदा मंत्र टाकला तर सगळं सुरळीत चालतं. पण मध्येच, विसाव्या सेकंदाला, हाताने मंत्र पुन्हा टाकला की दोन टायमर जिवंत राहतात. पहिला 55ला वाजतो, दुसरा 75ला. प्रत्येक टायमर मंत्र टाकतो, त्यातून पुन्हा तीच ओळ येते आणि पुन्हा नवा टायमर लागतो. या साखळ्या आपणहून कमी होत नाहीत. हाताने टाकलेल्या प्रत्येक मंत्रागणिक एक वाढते. माना (मंत्रांना लागणारी शक्ती) कुठे जातोय, ते मग कळेनासं होतं.

टेम्पटायमर एक आयडी परत देतो. तो ग्लोबल, म्हणजे ट्रिगर संपला तरी टिकणाऱ्या, व्हेरिएबलमध्ये ठेवा. ट्रिगरमध्ये पहिली ओळ: आयडी असेल तर किलटायमर, म्हणजे त्या आयडीचा टायमर मारणारं फंक्शन. दुसरी: नवा टायमर लावून त्याचा आयडी त्याच व्हेरिएबलमध्ये. टायमर वाजला की आतल्या फंक्शनने आधी व्हेरिएबल निल (रिकामं) करावं, मग कमांड पाठवावी. व्हेरिएबलला 'लोकल' लावलंत तर ट्रिगर संपताच आयडी गेला, मग मारणार कोणाला?

दुसरी हमखास चूक म्हणजे टेम्पटायमरच्या कंसात सेंड (खेळाला कमांड पाठवणारं फंक्शन) थेट लिहिणं. ते तिथल्या तिथे चालतं, मंत्र लगेच सुटतो आणि टायमरच्या हाती काहीच लागत नाही. सेंड नेहमी फंक्शन–एंडच्या आत गुंडाळा.

टिनटिन प्लस प्लस या दुसऱ्या क्लायंटवाल्यांना एवढा खटाटोप नाही. डिलेला (तिथल्या टायमरला) नाव दिलं की त्याच नावाचा नवा डिले जुन्याची जागा घेतो.

60ऐवजी 55 का? नाशिकहून अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायलाच पाव सेकंद सहज जातो, आणि संध्याकाळी वायफायवर घरभर व्हिडिओ चालू असले की त्याहून जास्त. पावसाळ्यात लाइट जाऊन राउटर बंद पडतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच. टायमर बिनधास्त धावत राहतात. म्हणून डिसकनेक्शनच्या इव्हेंटवरही किलटायमर लावा. तरी लिंक तुटल्याचं क्लायंटला कधीकधी उशिराच कळतं, हे धरून चाला.

तपासताना 55च्या जागी 5 आणि सेंडच्या जागी एको (ओळ फक्त स्क्रीनवर छापणारं फंक्शन) ठेवा. ट्रिगर भराभर तीनदा पेटवा. ओळ एकदाच उमटली पाहिजे. तीनदा उमटली तर कुठेतरी 'लोकल' राहिलाय.