एस्पेरांतो शिकताना: दोन 'च' आणि टायपिंगची युक्ती

झामेनहॉफने 1887 साली मांडलेल्या एस्पेरांतो या कृत्रिम भाषेची लिपी रोमन असून तिच्यात 28 अक्षरे आहेत. एक अक्षर, एक उच्चार. इंग्रजी स्पेलिंगने पिडलेल्यांना यातच अर्धा आराम.

मराठी माणसाला इथे एक फुकटचा फायदा आहे. साध्या 'सी'चा उच्चार 'चाक'मधल्या च सारखा, म्हणजे 'त्स'. आणि डोक्यावर टोपी असलेल्या 'सी'चा 'चहा'मधल्यासारखा. दोन्ही आपल्या जिभेवर आहेतच. गोची होते ती पुढे ए किंवा इ आल्यावर, कारण मराठीत तिथे च आपसूक 'चिमणी'मधल्यासारखा होतो. मग 'त्सेलो' (ध्येय) म्हणायला जाल आणि तोंडातून 'चेलो' (पेशी) निघेल. ही जोडी मोठ्याने घोकाच.

आघात (उच्चारातला जोर) नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर: फा-मि-ली-ओ मध्ये 'ली'वर.

कीबोर्डवर टोपीवाली अक्षरे नसतील, तर मूळ अक्षरापुढे 'एक्स' टाइप करा. एस्पेरांतोच्या वर्णमालेत 'एक्स' नाहीच, त्यामुळे घोळ होत नाही. झामेनहॉफने स्वतः 'एच' सुचवला होता, पण तो वर्णमालेत आहे, म्हणून मी तरी 'एक्स'च वापरेन.