डॉकेट नंबर मागून घ्याच
औसा तालुक्यातल्या आमच्या गावात फोनवर रेंज फुल्ल, पण संध्याकाळी नेट हलायचं नाव घेत नाही. ई-पीक पाहणीत सोयाबीनचा फोटो टाकायला जावं, तर चकरी फिरतच राहते. कस्टमर केअरचं एकच उत्तर, 'फोन बंद करून चालू करा'. दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, 'तक्रार सोडवली आहे'. पैसे आगाऊ भरून हे ऐकायचं, संताप येतो!

मग ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मायस्पीड ॲपवर सकाळ-संध्याकाळ वेग मोजून स्क्रीनशॉट ठेवले. सकाळी बरा, संध्याकाळी पार झोपलेला. म्हणजे दोष फोनचा नव्हे, टॉवरवरच्या गर्दीचा. पुन्हा तक्रार केली, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागून घेतला. तीही तशीच बंद केली, तेव्हा कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे गेलो. ३० दिवसांत अपील करता येतं, फी लागत नाही, ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. केअरवाले हे आपणहून सांगत नाहीत. स्क्रीनशॉट जोडले, टॉवरचं काम झालं, घरी नेट सुधारलं.

शेतात मात्र फरक नाही. तिथे काकांच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चांगलं चालतं, म्हणून भावाचा नंबर तोच ठेवून त्या कंपनीत पोर्ट केला. १९०० वर मेसेज केल्यावर येणारा कोड ४ दिवसच चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीचं दुकान गाठा.