कॅल्क्युलेटर नव्हता तेव्हाचे हिशोब (नवीन सिव्हिलवाल्यांसाठी)

यंदा सिव्हिलला ॲडमिशन घेतलेल्या मुलामुलींसाठी लिहितोय. मी 1970च्या आसपास माटुंग्याला व्हीजेटीआय या इंजिनीयरिंग कॉलेजात होतो. एचपी-35 हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर अमेरिकेत आला 1972ला आणि तोही 395 डॉलरला, म्हणजे आमच्यासाठी नसल्यातच जमा. आमच्याकडे लॉग (लॉगॅरिदम) टेबल आणि स्लाइड रूल, बास.

स्लाइड रूल म्हणजे पट्टीवर आखलेले लॉगच. एका लांबीपुढे दुसरी लांबी ठेवली की लॉगची बेरीज होते, म्हणजे आकड्यांचा गुणाकार झाला. ए आणि डी स्केल स्थिर पट्टीवर, बी आणि सी मधल्या सरकत्या पट्टीवर, आणि वरून फिरणारी रेघवाली काच म्हणजे कर्सर. सी-डी स्केल गुणाकार भागाकाराला, ए-बी वर्गाला. समजा 6.2 मीटरचा सिम्पली सपोर्टेड बीम (दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला) आहे, मीटरला 1.8 टन लोड, मोमेंट (बीम किती वाकवला जातोय त्याचं माप) काढायचंय, डब्ल्यू एल स्क्वेअर बाय एट, डब्ल्यू म्हणजे मीटरमागचा लोड, एल म्हणजे लांबी. कर्सर डीवरच्या 6.2वर आणायचा की वर एवर 38.4 दिसतंच, त्याच्याखाली बीवरचा 8 सरकवून आणायचा, मग कर्सर बीवरच्या 1.8वर आणि उत्तर एवर वाचायचं. मधली पट्टी एकदाच सरकवली आणि अख्खा फॉर्म्युला झाला! मला हे आजही फार सुंदर वाटतं.

पण दिसणार काय, तर 8, 6 आणि पुढचे 5 नजरेच्या अंदाजाने. पॉइंट कुठे द्यायचा ते तुमच्या डोक्यात हवं. सहाचा वर्ग छत्तीस, धरा चाळीस, दुणे ऐंशी, भागिले आठ, म्हणजे दहाच्या आतबाहेर, म्हणून 8.65 टन-मीटर. हा तोंडी हिशोब आम्ही प्रत्येक वेळी करायचो कारण त्याशिवाय गाडी पुढे जायचीच नाही, आणि माझ्या मते इंजिनीयर घडतो तो इथेच. तेव्हा पहिल्या वर्षापासून एक करा, बरोबरचं बटण दाबायच्या आधी मार्जिनमध्ये पेन्सिलीने अंदाजे उत्तर लिहा, सॉफ्टवेअर वापरतानाही.

सर्व्हेला, म्हणजे जमिनीच्या मोजणीला, मात्र तीन आकडे पुरत नाहीत, तिथे सात आकडी लॉग टेबलं उघडून बसायला लागायचं. आणि बेरीज वजाबाकी स्लाइड रूलवर होत नाही, त्याला ऑफिसात हँडल फिरवायचं फॅसिट कंपनीचं हिशोबाचं मशीन असायचं.

घरी आजोबांची स्लाइड रूल पडली असेल तर फेकू नका हो. सीचा 1 डीच्या 1वर ठेवा, दुसऱ्या टोकाचा 1पण तंतोतंत जुळला, पट्टी सहज सरकली आणि कर्सरची रेघ काटकोनात असली, तर ती अजून चालते.