विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं ई-साहित्य शोधायचं कसं

ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एक मोठी चौकट असते. तिच्यात आपला विषय टाकायचा, चाळीस हजार नोंदी आल्या की पहिली दोन पानं बघायची आणि "माझ्या विषयावर फारसं काही नाही" असं म्हणून उठायचं. हे इतक्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत होताना पाहिलं आहे, की हा लेख लिहावासा वाटला. साहित्य बहुतेक वेळा असतं. आपण ते चुकीच्या शब्दांनी मागत असतो.

आधी दार बरोबर हवं

विद्यापीठाच्या आवारातलं नेटवर्क प्रकाशकांना ओळखू येतं, त्यामुळे तिथे सगळं आपोआप उघडतं. घरून तसं होत नाही. म्हणून घरी बसून शोधताना सुरुवात ग्रंथालयाच्या पानावरूनच करा आणि तिथेच लॉगिन करा. गूगलवरून थेट प्रकाशकाच्या पानावर गेलात तर तुम्ही त्याच्या लेखी परके. तो पैसे मागतो. अशी पैशांची चौकट पाहून मी एकदा एका महत्त्वाच्या लेखाचा नाद सोडला होता. ते नियतकालिक आमच्या ग्रंथालयात पहिल्यापासून येत होतं, हे कळलं तोवर प्रबंधाचं ते प्रकरण लिहून झालं होतं.

मग कागद घ्या

संगणकाला हात लावण्याआधी पंधरा मिनिटं कागदावर घालवा. माझ्या मते सगळ्या शोधात ही पंधरा मिनिटं सर्वात मोलाची.

समजा प्रश्न असा आहे: रात्रपाळीमुळे परिचारिकांच्या झोपेवर काय परिणाम होतो? यात तीन कल्पना आहेत: परिचारिका, रात्रपाळी आणि झोप. 'परिणाम' हा शब्द सोडून द्या, तो जवळजवळ प्रत्येक लेखात असतो. आता प्रत्येक कल्पनेखाली तिच्यासाठी वापरले जाणारे सगळे शब्द लिहा. बहुतेक मोठे डेटाबेस, म्हणजे लेखांच्या नोंदींचे संग्रह, इंग्रजीत असल्याने शब्दही इंग्रजीच लागतील. रात्रपाळीला कुणी 'नाइट शिफ्ट' म्हणतं, कुणी 'शिफ्ट वर्क', कुणी 'रोटेटिंग शिफ्ट'. झोपेसाठी 'स्लीप' आहे, 'इन्सोम्निया' आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंग वेगळं असेल तर दोन्ही लिहा.

कुठे शोधायचं

ग्रंथालयाची तालिका, म्हणजे ओपॅक, पुस्तकं आणि नियतकालिकांची नावं सांगते. नियतकालिकाच्या आतले लेख तिच्यात सहसा सापडत नाहीत. सगळं एकत्र शोधणारी ती मोठी चौकट लेखही दाखवते, पण ग्रंथालय ज्यांची वर्गणी भरतं ते सगळे डेटाबेस तिच्यात येतातच असं नाही. अंदाज घ्यायला ती ठीक. खरं काम विषयाच्या डेटाबेसमध्ये होतं आणि त्यांची अक्षरानुक्रमे किंवा विषयवार यादी संकेतस्थळावर असते.

वैद्यकासाठी पबमेड, मानसशास्त्रासाठी सायकइन्फो, विद्युत आणि संगणक अभियांत्रिकीसाठी आयईईई एक्सप्लोर. पबमेड सर्वांना मोफत आहे, पण त्यात मिळतात त्या नोंदी आणि सारांश. पूर्ण लेख दुसरीकडे असतो. मानव्यविद्यांसाठी जेस्टोर उत्तम, जुने अंक तर फारच चांगले. मात्र तिथल्या अनेक नियतकालिकांचे अलीकडचे, बहुधा तीन ते पाच वर्षांचे, अंक नसतात. नव्या संशोधनासाठी तेवढ्यावर थांबू नका.

शब्द जोडायचे कसे

एकाच कल्पनेचे पर्यायी शब्द 'ऑर'ने जोडून कंसात ठेवा आणि कंस एकमेकांना 'अँड'ने जोडा:

(नर्स ऑर नर्सिंग) अँड ("नाइट शिफ्ट" ऑर "शिफ्ट वर्क") अँड (स्लीप ऑर इन्सोम्निया)

प्रत्यक्षात हे रोमन लिपीत टाइप कराल तेव्हा 'अँड', 'ऑर' मोठ्या अक्षरांत लिहा, पबमेडसारख्या ठिकाणी तसा नियमच आहे. दुहेरी अवतरणचिन्हांमुळे दोन शब्द एकत्र आणि त्याच क्रमाने शोधले जातात. शब्दाच्या मुळापुढे तारा (*) दिला की त्याची सगळी रूपं येतात. एन-यू-आर-एस आणि पुढे तारा, म्हणजे नर्स, नर्सेस, नर्सिंग. पण त्यात 'नर्सरी'ही येते, तेव्हा मूळ किती तोडायचं ते पाहून ठरवा. ही चिन्हं सगळीकडे सारखी चालत नाहीत. प्रत्येक डेटाबेसचं मदतीचं पान एकदा वाचा.

'नॉट' शक्यतो टाळा. डॉक्टर नकोत म्हणून 'नॉट डॉक्टर्स' लिहिलंत, तर परिचारिका आणि डॉक्टर या दोघांचा एकत्र अभ्यास केलेले लेखही गळतात, आणि गळलेलं तुम्हाला कधी दिसत नाही.

डेटाबेसची स्वतःची भाषा

इथे थोडं थांबा, कारण बहुतेक जण ही पायरी गाळतात. चांगल्या डेटाबेसमध्ये प्रत्येक लेखाला ठरावीक विषयशीर्षकं दिलेली असतात. लेखकाने 'हार्ट अटॅक' लिहिलं असो वा आणखी काही, पबमेडच्या मेश शब्दावलीत शीर्षक एकच, 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'. कॅन्सरसाठी 'निओप्लाझम्स'. नेमकं शीर्षक हाती लागलं की पर्यायी शब्दांची बरीचशी चिंता मिटते.

ते शोधायची सोपी युक्ती: साध्या शब्दांनी शोधा, तुमच्या प्रश्नाला चपखल बसणारा एक लेख निवडा, त्याची पूर्ण नोंद उघडा आणि तिथली विषयशीर्षकं उचलून त्यांनीच पुन्हा शोधा. अगदी ताज्या लेखांना शीर्षकं लागायला वेळ जातो, म्हणून शब्द आणि शीर्षकं दोन्ही 'ऑर'ने जोडून वापरा.

नोंदी फार आल्या किंवा फार थोड्या आल्या तर

फार आल्या तर शोध फक्त लेखाच्या नावापुरता आणि सारांशापुरता ठेवा. थोड्या आल्या तर एक कंस, आतल्या शब्दांसकट, काढून बघा. 'फक्त पूर्ण मजकूर' या चौकोनात खूण करू नका, ग्रंथालय दुसऱ्या मार्गाने मिळवून देऊ शकेल असे लेख त्यामुळे लपतात. 'पीअर रिव्ह्यूड', म्हणजे त्या विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेलं, ही चाळणी बहुधा नियतकालिकाला लागते, एकेका लेखाला नाही, त्यामुळे त्यातून संपादकीयं आणि पुस्तक परीक्षणंही सुटून येतात.

एक चांगला लेख मिळाला की त्याची संदर्भसूची वाचा, म्हणजे मागचं काम कळतं. पुढचं काम हवं असेल तर त्या लेखाचा उल्लेख नंतर कुणी केला ते पाहा. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तो याच कल्पनेवर. आज वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गूगल स्कॉलर तिन्ही ही सोय देतात.

लेख हाती येईपर्यंत

नोंदीशेजारी पूर्ण मजकुराचं बटण असतं, ते आधी दाबा. नाही उघडलं तर लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, घेऊन लेखकाने स्वतः खुली ठेवलेली प्रत शोधा. तीही नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज भरा. पैसे भरण्याआधी ग्रंथपालांना विचारा. त्यासाठीच ते असतात, आणि नेमका प्रश्न घेऊन आलेला वाचक त्यांना आवडतो.

ई-पुस्तकं बऱ्याचदा एका वेळी ठरावीक जणांनाच उघडता येतात, वाचून झालं की बंद करा. आणि एखादं साधन लावून शेकडो लेख एकदम उतरवू नका. प्रकाशकाच्या ते लक्षात आलं तर अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश थांबू शकतो.

उठण्यापूर्वी कुठे, कोणत्या तारखेला आणि कोणते शब्द वापरून शोधलं, ते लिहून ठेवा. डेटाबेसमध्ये स्वतःचं खातं उघडून शोध जतन केलात तर नवे लेख ई-मेलने कळत राहतात. लेखाचा दुवा मात्र ब्राउझरच्या पट्टीतून उचलू नका, तो अनेकदा लॉगिन संपताच निकामी होतो. नोंदीतला 'पर्मालिंक' घ्या, तो पुढच्या वर्षीही उघडेल.