रिबन माइक फँटमपेक्षा फुंकरीने जास्त मरतात: या चुका टाळा

कुणी नवीन रिबन माइक घेतला की आठवड्याभरात मला फोन येतो. "दादा, चुकून फँटम (मिक्सरकडून माइकच्या केबलमधून जाणारी ४८ व्होल्टची वीज) ऑन राहिला, गेला का माइक?" बहुतेक वेळा गेलेला नसतो. पण त्याच पोराने माइक लावल्या लावल्या ग्रिलच्या तोंडाशी "हॅलो हॅलो, फू फू" केलेलं असतं आणि त्याबद्दल त्याला काडीचीही धास्ती नसते. भीती चुकीच्या गोष्टीची, बेफिकिरी खऱ्या गोष्टीची.

आत असतं काय, तर चुंबकाच्या फटीत टांगलेली चुण्याचुण्यांची ॲल्युमिनियमची पट्टी. रॉयर आर-१२१ मध्ये ती २.५ मायक्रॉन जाडीची आहे, आणि बीबीसीने गाजवलेल्या कोल्स ४०३८ मध्ये तर ०.६ मायक्रॉन. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे बघा. एकदा ताणली की ती आपोआप जागेवर येत नाही, नवीनच बसवावी लागते.

माझा स्वतःचा एक माइक असाच गेला, तेही माझ्या डोळ्यांदेखत. मे महिना, एका ओळखीच्यांच्या घरात अभंगांचं रेकॉर्डिंग, एसी नाही. पेटीवर रिबन लावला होता, कारण पेटीच्या स्वरांचा जो टोचणारा किरकिरा भाग असतो तो रिबन छान मऊ करतो, मला पेटीला दुसरा माइक आवडतच नाही. टेक चालू असताना पंखा बंद, टेक संपला की चालू, असं ठरलेलं. मधेच लाइट गेली. सगळे घामाघूम, कुणीतरी स्टँडचा पंखा ओढून पेटीवाल्या काकांच्या समोर आणून ठेवला, बटण चालूच. मी चहा घ्यायला बाहेर. लाइट आली तेव्हा पंखा फुल स्पीडला आणि माइक बरोबर पंखा आणि काकांच्या मधे, जेमतेम फूटभर अंतरावर. पाच-सात मिनिटं तरी तसंच चालू असेल. पुढच्या टेकला पेटीचा आवाज बसलेला, लेव्हल निम्म्यावर, आणि खर्जाला एक बारीक खरखर. मी केबल बदलली, चॅनेल बदलला, प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा) बदलला, अर्धा तास घालवला, काकांना वाटलं पेटीच बिघडली. शेवटी टॉर्च मारून ग्रिलमधून बघितलं तर पट्टी एका बाजूला झुकून चुंबकाला घासत होती. दुरुस्तीत तीन महिने गेले आणि वर ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

तेव्हापासून माझी सवय एकच, टेक संपला की माइकवर कापडी पिशवी. स्टँडवर असला तरी पिशवी, या खोलीतून त्या खोलीत न्यायचा तरी पिशवी, कारण चालताना लागणारं वारंही वारंच असतं. पोरं हसतात, हसू देत.

पखवाजाची कणीक लावलेली बाजू, ड्रमच्या किकचं भोक, ट्रम्पेटचं तोंड यांच्या अगदी पुढ्यात रिबन ठेवू नका. तिथून आवाजाबरोबर हवेचा धक्काही येतो. हाताचा पंजा तिथे धरून बघा, हवा लागली तर मागे सरका. गायकाला पॉप फिल्टर (तोंडापुढची फुंकर अडवणारी जाळी) द्या आणि माइक थोडा तिरका करा.

आता फँटम. ४८ व्होल्ट माइक केबलच्या पिन २ आणि ३ वर सारखेच येतात, त्यामुळे केबल धड असेल तर साध्या रिबनच्या ट्रान्सफॉर्मरमधून करंट वाहतच नाही. घोळ होतो तो केबलची एखादी पिन शॉर्ट असली की, नाहीतर पॅचबेवर (जॅक लावून जोडण्या बदलतात तो पॅनल). तिथला टीआरएस (तीन कॉन्टॅक्टचा) जॅक आत सरकताना त्याची टिप आधी भलत्याच कॉन्टॅक्टला घासत जाते, क्षणभर एका वायरला ४८ आणि दुसरीला काहीच नाही, त्या झटक्याने पट्टी फेकली जाते. म्हणून आधी फँटम बंद, मग दहा-पंधरा सेकंद थांबा, मग प्लग. आणि स्वस्तातली स्वतः सोल्डर केलेली केबल रिबनला लावायचीच नाही, हे माझं मत समजा. मात्र ॲक्टिव्ह रिबनला (आतच ॲम्प असलेल्या) फँटम लागतोच, तो बंद ठेवून "माइक डेड आला" म्हणत परत पाठवणारेही पाहिलेत. इनलाइन बूस्टरचंही (माइक आणि प्रीॲम्पच्या मधे लावायचा छोटा ॲम्प) तेच, त्याला फँटम द्यावा लागतो, आणि बूस्टर काढण्याआधी फँटम बंद करा.

आता रिबनबद्दलच्या नेहमीच्या तक्रारी. "आवाज बारीक येतो." येणारच. साध्या रिबनला हळू गाण्यासाठी ६०-७० डीबी गेन (सिग्नल वाढवणं) लागतो, स्वस्त इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) तिथे हिस करतो. दोष माइकचा नाही.

"डल वाटतो." कंडेन्सर माइकच्या चकचकाटाची सवय कानाला लागलीये, आधी दोन दिवस ऐका. मग १० किलोहर्ट्झच्या आसपास बिनधास्त ईक्यू (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणारा कंट्रोल) वर करा, रिबन ते छान सोसतो. फार जवळ लावला असेल तर खर्ज फुगतो, तेव्हा ईक्यूला हात लावण्याआधी माइक फूटभर मागे घ्या. पण नाही, लोकांना हलायचा कंटाळा, प्लगइन मात्र सात.

रिबन फिगर-एट असतो (बायरडायनॅमिक एम १६० सारखे अपवाद सोडा), म्हणजे पुढून ऐकतो तेवढंच मागून, बाजूने आणि वरून जवळजवळ बहिरा. तरी माइकच्या वरच्या टोकाशी तोंड नेऊन गाणारे लोक आहेत, खरंच आहेत. मागे उघडी भिंत असेल तर भिंतही रेकॉर्ड होते, तिथे गादी उभी करा. उलट याचा फायदा घ्या, पेटीच्या माइकची बहिरी बाजू तबल्याकडे फिरवा, तबला बराच कमी होतो.

आडवा ठेवू नका, पट्टी हळूहळू लोंबते. मल्टिमीटर लावून पिना तपासू नका. ग्रिल उघडून ब्लोअरने धूळ तर अजिबात नाही.

आणि सतार-तंबोऱ्याच्या तारा कापतो त्या टेबलावर माइक ठेवू नका. तारेचं एक मिलिमीटरचं स्टीलचं टोक चुंबक आत ओढून घेतं, मग ते पट्टीला टेकून बसतं आणि चिमट्याने काढायला गेलात तर चिमटाही ओढला जातो.