पेपर, सायटेशन आणि आपलं नाव : नव्याने शिकवायला लागलेल्या डॉक्टरांसाठी

एमडी होऊन मेडिकल कॉलेजात नुकतेच रुजू झालेले ज्युनिअर मला हमखास विचारतात, "मॅडम, माझा एच-इंडेक्स तीनच आहे, चालेल ना?" मी आधी त्यांना तो कागदावर काढायला लावते. किमान तेवढी सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या लेखनातले संदर्भ, मिळालेले तुमचे पेपर जास्तीत जास्त किती, तो एच-इंडेक्स.

समजा, तुमच्या सहा पेपरना 40, 12, 6, 4, 3 आणि 1 अशी सायटेशन्स आहेत. चौथ्या पेपरला चार आहेत, पाचव्याला पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स 4. पहिल्याची 40 ची 400 झाली तरी तो 4 च राहणार. 2005 मध्ये हा निर्देशांक मांडणारे होर्हे हर्श हे भौतिकशास्त्रज्ञ. आपल्याकडे कार्डिओलॉजीत जितकं लिहिलं-वाचलं जातं तितकं फॉरेन्सिकमध्ये नाही, शिवाय नोकरीची वर्षं वाढतात तसा आकडाही चढतो. त्यामुळे तुलना करायचीच तर आपल्या विषयातल्या, आपल्या बॅचच्या लोकांशी करा. गूगल स्कॉलरवरचा आकडा स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसपेक्षा बहुधा मोठा दिसतो, तेव्हा अर्जात कुठला आकडा दिलाय तेही लिहा.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या अलीकडच्या पेपरना सरासरी किती सायटेशन्स मिळाली तो आकडा, जर्नलचा असतो, तुमचा नव्हे. बायोडेटात त्याची बेरीज मांडलेली दिसते, तिला काहीही अर्थ नाही. आणि सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे. एमएमआर लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा वेकफिल्ड यांचा 1998 चा पेपर 'लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला, पण तो खोडून काढणाऱ्यांनीही त्याचा संदर्भ दिला आणि ती सगळी सायटेशन्स मोजली गेली.

सायटेशन्सवरून जगातले आघाडीचे शास्त्रज्ञ निवडणाऱ्या स्टॅनफर्डच्या 'टॉप दोन टक्के' यादीची बातमी दरवर्षी झळकते. तिथले प्राध्यापक योआनिडिस यांच्या त्या पद्धतीत सहा निर्देशक एकत्र केलेले असतात आणि लेखकांच्या रांगेत तुम्ही पहिले, शेवटचे की मधले, यालाही वजन असतं. शेकडो लेखकांच्या ट्रायलमध्ये नाव असणं आणि स्वतः अभ्यास उभा करणं यात फरक करणारी ही गोष्ट मला पटते. मात्र यादी पूर्ण कारकिर्दीची की एका वर्षाची, हे बघून मगच अभिनंदन करा.

लेखकांचा क्रम प्रमोशनलाही आडवा येतो. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) 2022 च्या नियमांत पहिल्या तीन लेखकांना किंवा करस्पाँडिंग ऑथरलाच, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकालाच, श्रेय होतं. म्हणून डेटा गोळा करण्याआधीच क्रम ठरवा आणि ईमेलवर लिहून ठेवा. काहीच काम न केलेल्या वरिष्ठांचं नाव घालायचा आग्रह झाला, तर आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष समोर ठेवा. नव्या माणसाला हे जड जातं, मला कल्पना आहे.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, आपलं नाव. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर 'पाटील एस' शोधून बघा. दंतवैद्यकापासून कर्करोगापर्यंत ढीगभर पेपर येतील, एकाच माणसाचे नक्कीच नाहीत. त्यात आपल्याकडे लग्नानंतर मुलींचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, की निम्मं काम एका नावावर, निम्मं दुसऱ्या. कुठलंही एक नाव ठरवा आणि शेवटपर्यंत तेच छापा. पहिला पेपर पाठवण्याआधी ऑर्किडचा (ORCID) सोळा अंकी क्रमांक काढून घ्या, नाव कसंही छापलं तरी संशोधक म्हणून तुमची ओळख त्याने पटते. तो फुकट मिळतो. नोंदणी करताना कॉलेजचा ईमेल देऊ नका, स्वतःचा द्या. बदली झाली की कॉलेजचा बंद होतो.